घरचा डबा, विकतचा डबा

मराठी विषयाच्या दोन प्राध्यापकांनी हार्ड डिस्कवर निबंध लिहावा, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. आमच्या विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ते वाटलेच. ‘पाठभेदांवरचा लेख पुरा करायचा सोडून हे काय मांडले आहे?’ असे त्यांनी विचारले. परंतु २०२४ च्या उन्हाळी सुट्टीपासून आमच्या घरात ज्या एका प्रश्नावर सर्वाधिक वाद झाला तो हाच : घरातील सारी ध्वनिमुद्रणे, स्कॅन केलेली पाने आणि टिपणे जेथे एकत्र ठेवायची, तो घरगुती सर्व्हर सुटे भाग जमवून स्वतः बांधावा, की दुकानातून तयार आणावा? वाद वाढत गेला तसतसे आमच्या ध्यानी आले, की आपण पाठभेदांपासून फारसे दूर आलेलोच नाही.

आधी साठवायचे काय होते ते सांगायला हवे. २००२ ते २००५ या काळात, एम.फिल.च्या निमित्ताने, आम्ही दोघे सांगली जिल्ह्यातील शिराळा, आटपाडी आणि जत या तालुक्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा करत हिंडलो. तेव्हा आमचे लग्न झालेले नव्हते. टेपरेकॉर्डर तेवढा सामायिक होता. गावोगावी पिठाच्या गिरण्या येऊन दशके लोटली होती, जाती परड्यात पडून होती आणि ओव्या बहुधा सत्तरी ओलांडलेल्या बायांच्याच ओठांवर उरल्या होत्या. बहुतेकजणी आधी ‘आता काय आठवतंय?’ म्हणून टाळत, आणि एकदा आवाज लागला की कॅसेटची बाजू संपली तरी थांबत नसत. साठ मिनिटांच्या १४० कॅसेटी भरल्या. त्या बायांपैकी आज, आमच्या माहितीप्रमाणे, कुणीही हयात नाही.

आमचे घर सांगलीत, नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. २००५ च्या पुराची रेघ भिंतीवर होती. त्या रेघेच्या हातभर वर आम्ही फळी ठोकली, कॅसेटी तिच्यावर मांडल्या आणि निर्धास्त झालो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी त्या फळीच्याही वर गेले. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा कॅसेटींत फितीऐवजी गाळच दिसत होता. शहरातील ग्रंथालयांत पुस्तकांचा लगदा झाला होता; त्यापुढे आपल्या कॅसेटींचे दुःख कुणाला सांगावे? तोवर ९६ कॅसेटी संगणकावर उतरवून झाल्या होत्या आणि ती हार्ड डिस्क घर सोडताना आम्ही पिशवीत घातली होती, म्हणून तेवढ्या वाचल्या. उरलेल्या ४४ गेल्या. पुढे २०२२ साली ती एकुलती एक डिस्कही एके सकाळी टकटक करू लागली आणि मग गप्प झाली. दुरुस्ती करणाऱ्याने बरेचसे वाचवले, पण ११ कॅसेटींचा ऐवज त्याच्याही हाती लागला नाही. १४० पैकी ८५ उरल्या. ४४ कॅसेटींसाठी नदीला बोल लावता येतो. ११ कॅसेटींसाठी कुणालाच लावता येत नाही. पूर पाहिल्यानंतरही एकाच डिस्कवर विसंबून आम्ही तीन वर्षे काढली होती.

या ८५ कॅसेटींखेरीज जुन्या अनियतकालिकांची आणि काही पोथ्यांची मिळून वीस हजारांच्या आसपास स्कॅन केलेली पाने आमच्याकडे आहेत. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण दर मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. म्हणजे एका कॅसेटीला साधारण ६३५ एमबी आणि ८५ कॅसेटींना ५४ जीबी. ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयने, रंगीत आणि न आवळता स्कॅन केले, तर ते २६ एमबीचे होते. वीस हजार पानांचे ५२० जीबी. आजच्या मानाने हा पसारा काहीच नव्हे. एका डिस्कवर तो सहज मावतो, आणि म्हणूनच माणूस एका डिस्कवर थांबतो.

ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नॅस’ म्हणतात, त्या यंत्राचे मर्म सोपे आहे. एका डब्यात दोन किंवा अधिक डिस्क बसवायच्या, डबा घरातील राउटरला जोडायचा. मग घरातल्या कोणत्याही संगणकावरून वा मोबाइलवरून तो उघडता येतो. दोन डिस्क ‘मिरर’ पद्धतीने जोडल्या, तर एकीवर लिहिलेले प्रत्येक अक्षर दुसरीवरही लिहिले जाते. एक मेली तरी दुसरी शाबूत राहते. या जोडणीचे तंत्र पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून एका निबंधात मांडले आणि त्याला ‘रेड’ हे नाव दिले. इंग्रजीत त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ धाड असा होतो, हा योगायोग मराठीच्या अभ्यासकाला पुढे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता वादाकडे येऊ. विद्यार्थ्यांच्या भाषेत आमच्यापैकी एक ‘सर’ आहेत आणि एक ‘मॅडम’. सोयीसाठी तीच नावे येथे वापरतो.

सरांचे म्हणणे, यंत्र घरीच बांधावे. घरात एक जुना संगणक धूळ खात होता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किरकोळ भाग आणायचे, नव्या दोन डिस्क बसवायच्या आणि ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा ट्रूनॅस यांपैकी एखादी मोफत प्रणाली चढवायची. यांतील पहिली डेबियन लिनक्सवर उभी आहे. दुसरी २००५ मध्ये फ्रीनॅस या नावाने सुरू झाली आणि २०२० मध्ये तिचे नाव बदलले. दोन्हींचा मूळ संकेत उघडा आहे, कुणीही वाचावा. तयार डब्याचा भरवसा काय, असे विचारत सर एक उदाहरण देत. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या घरगुती डब्यांतील सामग्री इंटरनेटवरून हल्ला होऊन पुसली गेली. त्या डब्यांसाठी सुधारणा काढणे कंपनीने २०१५ पासूनच थांबवले होते. ‘कंपनीने हात काढून घेतला की डबा पोरका होतो,’ असा सरांचा निष्कर्ष.

मॅडमचे म्हणणे, तयार डबा आणावा. तो लहान असतो, आवाज करत नाही आणि वीज कमी खातो. हा मुद्दा मोजून पाहण्याजोगा होता म्हणून आम्ही तो मोजला. जुना संगणक ५५ वॅट घेत होता. परिचितांकडचा दोन डिस्कांचा डबा सुमारे २० वॅट. चोवीस तास चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत हा फरक महिन्याला ४० आणि १४ युनिटांचा होतो. पण मॅडमचा खरा मुद्दा विजेचा नव्हता. ‘अहो, तुम्ही बांधाल ते तुम्हालाच कळेल,’ असे त्या म्हणत, आणि सर ते हसण्यावारी नेत.

डिस्क तर दोन्हीकडे लागणारच होत्या, कारण तयार डबा बहुधा रिकामाच विकला जातो. तेथे एक नवी गोष्ट शिकलो. काही डिस्कांवर माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवून रचलेल्या असतात. जागा वाचते, पण मधले कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे एक पट्टी बदलताना पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एक डिस्क मेल्यावर नवी बसवून सगळी नक्कल पुन्हा उतरवायची वेळ येते तेव्हा अशी डिस्क फार रेंगाळते. २०२० मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी ही रचना ग्राहकांना न सांगता वापरल्याचे उघड झाले. तेव्हापासून कौलारू नसलेली डिस्क मागून घ्यावी, असे जाणकार सांगतात. आम्ही ४ टीबीच्या तशा दोन घेतल्या.

पाठभेदांचा प्रश्न आला तो यानंतर. समजा, दोन डिस्कांवर एकाच ओवीच्या दोन प्रती आहेत आणि कालांतराने एका प्रतीतील काही अंश आपोआप बिघडला. डिस्क मेलेली नाही, फक्त तिच्यावरचे एक अक्षर पालटले आहे. आता दोन प्रतींत भेद आहे. खरी कोणती? साध्या मिररला ते सांगता येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही पाठ सारखेच प्रमाण. संहिता-चिकित्सा शिकवताना आम्ही मुलांना हेच सांगतो, की दोनच पोथ्या असतील तर बहुमताने निर्णय होत नाही, अंतर्गत पुरावा हवा. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल-रचनांनी तो पुरावा पुरवला आहे. माहिती लिहितानाच तिच्यावरून एक तपासणी-अंक काढून वेगळा नोंदवला जातो. वाचताना तो पुन्हा काढून ताडला जातो आणि न जुळणारी प्रत बाद करून जुळणाऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त केली जाते. जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस ग्रंथसंख्या नोंदवत, ती काय वेगळी होती? ही सोय घरच्या यंत्रात मिळते, आणि नीट पाहून घेतल्यास काही तयार डब्यांतही.

अखेर सरांचा पक्ष जिंकला, कारण पैसे कमी लागणार होते. मे २०२४ मध्ये आठ दिवस खपून यंत्र उभे राहिले. त्या आठ दिवसांचा आनंद नाकारता येणार नाही. प्रत्येक तार कुठून कुठे जाते हे स्वतः पाहिलेले असले, की यंत्राविषयी एक जिव्हाळा उत्पन्न होतो. हाताने नकललेल्या पोथीविषयी तो होत असावा, छापील प्रतीविषयी होत नाही. कॅसेटी चढल्या, पाने चढली, बाहेर एक यूपीएस लागला. सहा महिने सारे सुरळीत चालले.

नोव्हेंबरात सर पेपर तपासणीच्या केंद्रावर परगावी गेले. इकडे मॅडमना एम.ए.च्या वर्गात शिराळ्याच्या एका आजींची ओवी ऐकवायची होती. आदल्या रात्री वीज चार तास गेली, यूपीएस संपला, यंत्र बंद पडले. सकाळी वीज आली, यंत्राचा पंखा फिरू लागला, दिवाही लागला. पण कोणत्याही संगणकावर ते दिसेना. मॅडमनी राउटर पाहिला, तारा काढून पुन्हा बसवल्या, यंत्र दोनदा बंद करून सुरू केले. सरांचा मोबाइल तपासणी केंद्राच्या दारात जमा. संध्याकाळी फोन लागला तेव्हा सर म्हणाले, ‘अगं, त्याला जुना मॉनिटर जोड, तो काहीतरी विचारत असेल.’ मॉनिटर माळ्यावर होता. तो उतरवून जोडल्यावर पडद्यावर एकच वाक्य दिसले : पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. संगणकाच्या पोटातील रुपयाएवढी बॅटरी संपली होती. वीज जाताच तो आपली वेळ आणि मांडणी विसरला होता, आणि कुणीतरी एक कळ दाबील म्हणून पडदा नसलेला तो पंधरा तास तसाच थांबून होता. दुरुस्तीला एक क्षण लागला. तास मात्र ओवीवाचून झाला.

यंत्रात बिघाड असा नव्हताच, आणि एकही अक्षर हरवले नव्हते. तरीही तो दिवसभर तो संग्रह, निदान मॅडमपुरता, अस्तित्वात नव्हता. म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गावोगाव हिंडून गोळा केल्या. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी हरवली. तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्याकडून लीळाचरित्र पुन्हा सिद्ध झाले आणि त्यांत हिराइसेचा पाठ होता, असे महानुभाव परंपरा सांगते. वर्गात हे आम्ही अनेक वर्षे सांगत आलो आहोत. ग्रंथ तरला, कारण तो दुसऱ्या कुणाच्या तरी मुखात होता. आमच्या घरी डिस्क दोन होत्या, पण यंत्र जाणणारे डोके एकच. अनेक अर्थांनी आम्ही एकपाठी ठरलो होतो.

महानुभावांचीच दुसरी गोष्टही येथे लागू पडते. त्यांचे ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ते वाचता येत नव्हते. पोथ्या शाबूत होत्या. किल्ली पंथापाशी होती. सर तयार डब्याला सकळ लिपी म्हणत, कारण त्याची किल्ली कंपनीपाशी. त्या नोव्हेंबरनंतर मॅडमनी शांतपणे विचारले, ‘आणि तुमच्या यंत्राची लिपी कोणती?’ सरांपाशी उत्तर नव्हते.

२०२५ च्या आरंभी आम्ही तयार डबा घेतला. त्याचे नाव सांगत नाही, जाहिरात नको. घेण्याआधी मात्र एकच कसोटी लावली : डबा मेला, कंपनी बुडाली, तर आतली डिस्क बाहेर काढून साध्या लिनक्स संगणकावर वाचता येते का? अनेक तयार डब्यांच्या पोटात लिनक्सच असते, ही गोष्ट जाहिरातीत फारशी सांगत नाहीत. घर आणि बाजार यांतील अंतर वाटते तेवढे नसते. डबा सुरू करून त्यावर थोडीशी सामग्री घातल्यावर आम्ही एक डिस्क काढली आणि महाविद्यालयातील लिनक्स चढवलेल्या संगणकाला जोडून पाहिली. थोड्या खटपटीने फाइली उघडल्या. मग सारा संग्रह चढवला.

वाद अर्थात संपला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सायनॉलॉजी या तैवानी कंपनीने आपल्या ‘प्लस’ मालिकेतील नव्या यंत्रांना स्वतःच्या किंवा स्वतः प्रमाणित केलेल्या डिस्कच लागतील असे जाहीर केले, तेव्हा सरांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्राहकांच्या नाराजीनंतर कंपनीने ती अट हार्ड डिस्कांपुरती मागे घेतली, तेव्हा मॅडमनी वाचून दाखवली. दोन्ही बातम्यांचा अर्थ एकच होता. तयार डबा घेणाऱ्याने दुसऱ्याच्या मर्जीत राहायची तयारी ठेवावी. घरी बांधणाऱ्याने स्वतःच्या आयुर्मर्यादेत. दुसरी मर्यादा आपण सहसा हिशेबात धरत नाही.

घरचे यंत्र आम्ही मोडीत काढले नाही. नवी बॅटरी घालून आणि कळ न दाबता सुरू होईल अशी मांडणी करून ते पुण्यास भावाच्या चौथ्या मजल्यावरील घरी पाठवले. रोज रात्री सांगलीचा डबा नवे-जुने ताडून फक्त बदललेले तेवढे तिकडे पाठवतो. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पीटर क्रोह या छायाचित्रकाराने प्रचारात आणला. आम्ही त्याप्रमाणे एक सुटी डिस्क भरून कपाटातही ठेवली, कारण मिरर ही दुसरी प्रत नव्हे. चुकून एक फोल्डर पुसला तर आरसा तोही इमानाने पुसतो.

याखेरीज शंभर पानांची एक वही केली. तीत साध्या मराठीत लिहिले आहे : डबा कुठे आहे, कोणती तार कशाची, दिवा तांबडा झाला तर काय करायचे, पासवर्डचे पाकीट कुणापाशी, पुण्याची प्रत कशी उघडायची, आणि प्रत्येक कॅसेटीचा क्रमांक, गाव, वर्ष आणि ओवीचा विषय. या संग्रहाचे पुढे काय होणार, हा प्रश्न वहीने सुटत नाही. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात, त्या त्यांच्यामागे माणसे उभी राहिली म्हणून. आमच्या ८५ कॅसेटीही एक दिवस एखाद्या संस्थेच्या स्वाधीन व्हायला हव्यात. तो दिवस येईपर्यंत त्या उघडता आल्या पाहिजेत, एवढेच आमच्या हाती आहे.

वहीची परीक्षा नववीतल्या मुलीने घेतली. आम्ही दोघांनी तोंड उघडायचे नाही, अशी अट होती. चौथ्या पायरीवर ती अडली. ‘नेटवर्कवर शोधा’ असे आम्ही लिहिले होते आणि ती म्हणाली, ‘म्हणजे नेमकं कुठे?’ ती ओळ आम्ही तेथल्या तेथे खोडून पुन्हा लिहिली. आणखी दोन ओळी खोडाव्या लागल्या. पाऊण तासाने तिने शिराळ्याची सतरा क्रमांकाची कॅसेट उघडली. आधी भांड्यांचा आवाज, मग आजींचे खोकणे, मग ‘लागलं का तुमचं यंत्र?’ आणि त्यावर एका तरुण मुलीचे उत्तर : ‘लागलंय आजी, म्हणा तुम्ही.’

‘ही कोण?’ मुलीने विचारले. तिला आईचा आवाज ओळखता आला नव्हता. वहीत पाहिले तर गायिकेचे गाव होते, ओवीचा विषय होता. विचारणारीचे नाव कुठल्याच नोंदीत नव्हते. त्या रात्री बसून आम्ही ८५ नोंदींत ते भरले.